काकांची कॉलर ट्यून आणि फुकटातलं ॲप

माझे थोरले काका अभिमानाने सांगतात की त्यांनी आयुष्यात एकही ॲप पैसे देऊन घेतलेलं नाही. "सगळं फुकट मिळतं की रे, पैसे कशाला द्यायचे?" हेच काका २००७ साली दर महिन्याला तीस रुपये बॅलन्समधून कापू देत होते. कशासाठी? तर त्यांना फोन करणाऱ्याला ट्रिंग ट्रिंगऐवजी भूपाळी ऐकू यावी म्हणून. ती भूपाळी त्यांना स्वतःला कधीच ऐकू आली नाही. स्वतःच्या फोनवरून स्वतःलाच कोण फोन लावतं?

त्यामुळे "मोबाइलवाले ॲपसाठी, गेमसाठी पैसे मोजतील का" असं कुणी विचारलं की मला काकांची भूपाळी आठवते. लोक पैसे देतात. ज्या गोष्टीसाठी देतील असं बनवणाऱ्याला वाटतं, तिच्यासाठी मात्र सहसा देत नाहीत. मी एक छोटं ॲप चालवतो, तेव्हा हे मी स्वतःच्या खिशाला चाट लावून शिकलोय. ती गोष्ट पुढे येईलच. आधी हे दुकान कसं चालतं ते बघू.

ॲपलचं ॲप स्टोअर १० जुलै २००८ ला उघडलं तेव्हा त्यात साधारण ५०० ॲप्स होती. कल्पना सरळ, पुस्तकाच्या दुकानासारखी: किंमत बघा, पैसे द्या, घरी न्या. ९९ सेंट हा जणू तिथला चालू भावच झाला. फिनलंडच्या रोव्हिओ कंपनीचा 'अँग्री बर्ड्स' डिसेंबर २००९ मध्ये आला तोही याच भावात, आणि लोकांनी तो भराभर विकत घेतला. म्हणजे देणारे होते.

पण या पद्धतीत एक खोट होती. आपण आंबे घेताना वास घेतो, देठाशी दाबून बघतो, आंबेवाला एक फोड कापून हातावर ठेवतो. पैसे भरल्याशिवाय न उघडणाऱ्या ॲपची फोड कशी चाखणार? अँड्रॉइडवर सुरुवातीला घेतलेलं ॲप २४ तासांत परत करता यायचं. २०१० च्या शेवटी ही मुदत पंधरा मिनिटांवर आली, २०१४ मध्ये दोन तास झाली. त्यातून शेजारच्याच रांगेत तसलंच दुसरं ॲप फुकट पडलेलं. शून्य आणि दहा रुपये यांच्यातलं अंतर दहा रुपयांपेक्षा बरंच मोठं असतं. दहा रुपये द्यायचे म्हटले की कार्ड शोधा, पासवर्ड आठवा, आणि मुख्य म्हणजे "हे आपल्याला खरंच हवंय का" याचा विचार करा. फुकटात हा विचारच करावा लागत नाही.

ऑक्टोबर २००९ मध्ये ॲपलने एक बारीकशी वाटणारी सूट दिली: फुकट ॲपच्या आत वस्तू विकायला परवानगी. आजचा सगळा धंदा याच परवानगीवर उभा आहे. दार उघडं, आत या, बसा, चहा घ्या, पैशांचं नंतर बघू.

हा वारा उलटा फिरवायचा प्रयत्न निन्टेन्डो या जपानी गेम कंपनीने करून पाहिला. डिसेंबर २०१६ मध्ये त्यांनी 'सुपर मारिओ रन' आणला. पहिले काही टप्पे फुकट, आवडलं तर एकदाच ९.९९ डॉलर भरा आणि सगळा गेम कायमचा तुमचा. मिशीवाल्या मारिओला कोण ओळखत नाही? कोट्यवधी लोकांनी गेम उतरवून घेतला, फुकटचे टप्पे खेळले आणि दहा डॉलरचा आकडा दिसताच बहुतेक जण उठून गेले. कंपनीचा शेअर पडला, अपेक्षेइतके पैसे आले नाहीत. त्याच कंपनीचा त्यानंतरचा 'फायर एम्ब्लेम हीरोज' हा गेम कमी लोकांनी घेतला. पण तो फुकट होता, आत वस्तू विकत होता, आणि त्याने मारिओपेक्षा जास्त कमावले. मला विचाराल तर मारिओची पद्धत जास्त सरळ होती. पण सरळ किंमत एकदम डोळ्यासमोर येते, आणि तिथेच ती मार खाते.

पाच जीव, अर्धा तास

फुकट गेममध्ये पैसे कुठे मागतात हे बघायचं असेल तर 'कँडी क्रश' खेळणाऱ्या माणसाच्या शेजारी बसा. माझी मावशी दुपारी जेवणं उरकली की बसते. गेम तिला पाच जीव देतो. एक टप्पा हरली की एक जीव गेला, आणि गेलेला जीव अर्ध्या तासाने परत येतो. पाचही गेले तर सगळे भरायला अडीच तास. शेवटच्या चालीत दोनच गोळ्या फोडायच्या राहिलेल्या असतात, तेवढ्यात चाली संपतात आणि पडद्यावर विचारणा येते: अजून पाच चाली हव्यात? मावशी काय विकत घेते आहे बघा. गेम तर तिच्याकडे आहेच. ती विकत घेते आहे न थांबणं.

दुसरा माल म्हणजे दिखावा. 'बीजीएमआय'सारख्या गोळीबाराच्या गेममध्ये बंदुकीवर किंवा कपड्यांवर चढवायची सजावट मिळते, तिला पोरं स्किन म्हणतात. असल्या बहुतेक कपड्यांनी नेम सुधारत नाही, पळण्याचा वेग वाढत नाही. भाच्याने एकदा वाढदिवसाचे पाचशे रुपये अशा एका कपड्यात घातले तेव्हा मी त्याला विचारलं, "अरे, उपयोग काय याचा?" तो म्हणाला, "मामा, लॉबीत सगळ्यांना दिसतो ना." (लॉबी म्हणजे गेम सुरू व्हायच्या आधी खेळाडू जमतात ती जागा.) मी गप्प बसलो. आमच्या घराण्यात भूपाळी होऊन गेलेली आहे.

आता त्या पाचशे रुपयांचं काय होतं ते बघा. गेममध्ये रुपये चालत नाहीत, आधी त्यांचं गेमच्या नाण्यांत रूपांतर करावं लागतं. खाद्यजत्रेत आधी काउंटरवर कुपनं घ्यायला लावतात तसंच. एकदा कुपन हातात आलं की वडापाव किती रुपयांचा पडला याचा हिशेब डोक्यातून जातो. शिवाय कुपनांचे गठ्ठे असे बांधलेले की पुरेपूर कधी संपू नयेत. थोडी नाणी उरतात, उरलेल्यांत काही येत नाही, म्हणून आणखी एक गठ्ठा. ही चूक म्हणून राहून गेलेली गोष्ट नाही, तशी आखणीच असते.

आणि देतं कोण? फारच थोडे. स्वर्व्ह नावाच्या कंपनीने २०१४ मध्ये फुकट गेम्सचा हिशेब मांडला, तेव्हा गेमच्या आतल्या विक्रीचा निम्मा पैसा अवघ्या ०.१५ टक्के खेळाडूंकडून आलेला निघाला. हजारात दीड माणूस! आपल्या गल्लीतल्या गणपतीच्या वर्गणीचं गणित याहून वेगळं नसतं. घरोघरी एक्कावन्न, एकशे एकची पावती फाटते, बरेच जण "साहेब घरात नाहीत" म्हणून दार लावून घेतात, आणि मंडप, लायटिंग, ढोलपथक हे सगळं एक बिल्डर आणि एक नगरसेवक उचलतात. नाचायला मात्र सगळी गल्ली.

फरक एवढाच की वर्गणी देणारा बिल्डर परवडतं म्हणून देतो. गेममध्ये मोठी रक्कम घालणारा दरवेळी पैसेवाला असेलच असं नाही. कधी तो हात आवरता न येणारा माणूस असतो, तर कधी आईच्या फोनवर खेळणारा दहा वर्षांचा मुलगा. अमेरिकेत मुलांनी पालकांना न विचारता केलेल्या खरेदीवरून २०१४ मध्ये ॲपलला किमान ३.२५ कोटी डॉलर आणि गूगलला किमान १.९ कोटी डॉलर परत करायला लावले होते. म्हणून घरात मुलं असतील तर प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागण्याची सोय आजच चालू करा. चुकून काही घेतलं गेलंच, तर ४८ तासांच्या आत गूगलकडे परतावा मागता येतो.

"कार्ड नाही हो आमच्याकडे"

आपल्या लोकांबद्दल एक ठरलेलं वाक्य आहे: भारतीयांना फुकट हवं असतं. मला ते अर्धवट वाटतं. कॉलर ट्यून, टीव्हीवरच्या स्पर्धेला तीन-तीन रुपयांचे एसएमएस, क्रिकेटच्या स्कोअरचे मेसेज, हे सगळं याच लोकांनी विकत घेतलं. कारण पैसे प्रीपेड बॅलन्समधून कापले जायचे, बॅलन्स कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडे भरता यायचा आणि रक्कम शाम्पूच्या पुडीइतकी लहान असायची. (न मागता सेवा चालू करून पैसे कापण्याचे प्रकारही तेव्हा भरपूर झाले. ते दुखणं अजून लोकांच्या लक्षात आहे, आणि "फोनमधून पैसे कापतात" ही भीती तिथूनच आली असावी.)

मग स्मार्टफोन आले आणि ॲपचं दुकान क्रेडिट कार्ड मागू लागलं. इथे कितीजणांकडे क्रेडिट कार्ड होतं? व्हॉट्सॲपचं उदाहरण घ्या. पहिलं वर्ष फुकट, मग वर्षाला एक डॉलर, असा त्यांचा नियम होता. जानेवारी २०१६ मध्ये त्यांनी तो काढून टाकला. कारण सांगितलं तेही हेच: अनेकांकडे डेबिट किंवा क्रेडिट कार्ड नाही, आणि वर्ष संपल्यावर आपला आपल्या माणसांशी संपर्क तुटेल अशी भीती लोकांना वाटते. द्यायची इच्छा असून द्यायचा रस्ताच नसेल तर तो माणूस हिशेबात "न देणारा" म्हणूनच मोजला जातो.

२०१५ मध्ये गूगलने भारतात ॲपची कमीत कमी किंमत ५० रुपयांवरून १० रुपयांवर आणली. २०१६ मध्ये यूपीआय आलं, त्याच वर्षी जिओमुळे डेटा स्वस्त झाला, आणि पुढे प्ले स्टोअरवरही यूपीआय चालू लागलं. दहा रुपयांची पुडी आणि ती घ्यायला पिन टाकण्याइतकीच मेहनत, हे दोन्ही जमल्यावर आपल्याकडचं चित्र हलायला लागलं. नेटफ्लिक्ससारख्या कंपनीलाही इथे फक्त मोबाइलवर चालणारी योजना काढावी लागली. २०१९ मध्ये १९९ रुपये आणि २०२१ च्या डिसेंबरात १४९.

तरीही फुकटावर जगणारे बहुसंख्य आहेतच. ते त्यांचे पैसे जाहिराती बघून फेडतात. नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीचा 'लुडो किंग' आठवतो? २०१६ मध्ये आलेला हा गेम २०२० च्या लॉकडाउनमध्ये घराघरांत पोचला. नागपूरची आजी आणि न्यू जर्सीतली नात एकाच पटावर सोंगट्या मारत होत्या. दोन डावांच्या मध्ये जाहिरात, आणि "तीस सेकंदांची जाहिरात बघा, नाणी मिळवा" असा सौदा. आपली अडचण अशी की हजार माणसांना जाहिरात दाखवण्याचे जे पैसे अमेरिकेत मिळतात, त्याच्या मानाने भारतात फारच थोडे मिळतात, कारण जाहिरातदार समोरच्याची खर्च करायची ऐपत बघून भाव लावतो. म्हणून फक्त जाहिरातींवर जगायचं तर लुडो किंगसारखे कोटींच्या घरात लोक लागतात. माझ्यासारख्याकडे ते नसतात.

भिशीचा हिशेब

माझं ॲप भिशी चालवणाऱ्यांसाठी आहे. कुणी पैसे भरले, कुणाचे राहिले, या महिन्यात कुणाची चिठ्ठी निघाली, पुढे कोण उरलं, एवढंच ते करतं. सुरुवातीला मी ते ४९ रुपयांना ठेवलं. वहीपेक्षा स्वस्त आहे, कोण नाही म्हणेल? पहिल्या तीन महिन्यांत नऊ जणांनी घेतलं. त्यातले दोघे माझे नातेवाईक.

शेवटी फुकट केलं. तेव्हा पोटात गोळा आला होता, कारण प्ले स्टोअरवर पैशांचं ॲप फुकट करता येतं, पण फुकट केलेलं परत पैशांचं करता येत नाही. लोक वाढले. महिन्याचा हिशेब व्हॉट्सॲपवर पाठवायला ॲप एक चित्र तयार करून द्यायचं आणि त्या चित्राच्या तळाशी मी माझ्या ॲपच्या नावाची पट्टी टाकली होती, आपली जाहिरात म्हणून. पैसे कशाचे मागायचे हे मला काही सुचत नव्हतं. जास्त गट करण्याचे? आठवणीचा मेसेज पाठवण्याचे? दोन्ही लावून पाहिलं, कुणी ढुंकून बघितलं नाही.

मग एक दिवस सांगलीहून एका ताईंचा फोन आला. "दादा, ती खाली पट्टी येते बघा तुमची. ती काढायचे किती?"

"का हो ताई, त्रास होतो का?"

"त्रास नाही. पण ग्रुपवर पंचवीस बायका असतात. आमच्या भिशीचं नाव पाहिजे तिथं. असं कुणाचं तरी फुकटचं वापरल्यासारखं दिसतं."

पट्टी काढा आणि तिथे स्वतःच्या भिशीचं नाव टाका, वर्षाला ९९ रुपये. ज्या सोयींवर मी रात्री जागवल्या त्या कुणाला नको होत्या, आणि दोन तासांत केलेल्या या बदलावर ॲपचा सर्व्हरचा खर्च निघायला लागला. ताईंनी हिशेबासाठी पैसे दिले नाहीत. चारचौघींत हिशेब कसा दिसतो त्यासाठी दिले. काका, भाचा आणि सांगलीच्या ताई एकाच दुकानातलं गिऱ्हाईक आहेत, हे माझ्या लक्षात यायला दीड वर्ष गेलं.

त्या ९९ रुपयांतून दुकानदाराचा वाटा जातो. गूगलने आणि ॲपलनेही वर्षाला दहा लाख डॉलरच्या आतली कमाई असणाऱ्यांसाठी २०२१ मध्ये ३० टक्क्यांचा वाटा १५ टक्क्यांवर आणला. म्हणजे माझ्या ९९ मधले १४ रुपये ८५ पैसे गेले, उरले ८४ रुपये १५ पैसे, आणि पुढे कराचं जे काय असेल ते. मोठ्या कंपन्यांना हा वाटा फार टोचतो. याच वादात, ॲपमधले पैसे आपल्याच पेमेंट व्यवस्थेतून घ्यायची सक्ती केल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला ९३६ कोटींचा दंड केला (अपिलात तो २०२५ मध्ये २१६ कोटींच्या आसपास आला), आणि मार्च २०२४ मध्ये तर या भांडणात 'शादी डॉट कॉम', 'नोकरी'सारखी ॲप्स प्ले स्टोअरवरून काही दिवस गायबच झाली होती. माझ्यासारख्याला मात्र वाट्यापेक्षा गिऱ्हाईक मिळण्याचीच काळजी जास्त.

एका जागी आपले लोक ढिगाने पैसे घालत होते, तिचा उल्लेख टाळता येणार नाही: रमी, फँटसी क्रिकेट, पैसे लावून खेळायचे खेळ. ऑक्टोबर २०२३ पासून त्यांत भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राच्या कायद्याने असे खेळ बंदच केले. "भारतीय गेमसाठी पैसे देतात" हे दाखवायला पूर्वी जे मोठमोठे आकडे पुढे केले जायचे, त्यांत हा पैसा मोठा होता. मी तो या हिशेबात धरत नाही. जिंकण्याच्या आशेने लावलेले पैसे वेगळे आणि खेळण्याच्या मजेसाठी दिलेले वेगळे.

पहिला महिना फुकट

सध्याचा चलनी मार्ग म्हणजे वर्गणी, पण दर महिन्याची. पहिला महिना किंवा वर्ष फुकट, मग आपोआप पैसे कापले जातात. इथे गंमत अशी की दुकानदाराची सगळी भिस्त तुमच्या विसरण्यावर असते. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२१ पासून याला वेसण घातली. आधी मंजुरी घेतल्याशिवाय आपोआप कापणी नाही, कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना आली पाहिजे, आणि ठरावीक रकमेच्या वर दरवेळी ओटीपी. ही मर्यादा आधी ५,००० रुपये होती, २०२२ मध्ये १५,००० झाली. वर्गणी चालू करणं एका बोटाचं आणि बंद करणं सात पडद्यांचं, या प्रकाराला केंद्राच्या ग्राहक प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये फसव्या रचनांच्या तेरा प्रकारांत घातलंय. बाकी काही लक्षात ठेवलं नाही तरी चालेल, पण आपल्या यूपीआय ॲपमध्ये 'ऑटोपे' नावाची यादी असते, ती एकदा उघडून बघा. प्ले स्टोअरमध्येही 'सदस्यत्वं' म्हणून वेगळी यादी असते. नुसतं ॲप काढून टाकल्याने वर्गणी थांबत नाही.

एआयवाल्यांनी हाच खेळ मोठ्या पटावर मांडलाय. ओपनएआयने ऑगस्ट २०२५ मध्ये भारतासाठी 'चॅटजीपीटी गो' ही ३९९ रुपये महिन्याची योजना काढली, आणि नोव्हेंबरमध्ये तीच वर्षभर फुकट देऊ केली. एअरटेलने 'पर्प्लेक्सिटी प्रो' एक वर्ष फुकट दिलं, जिओने गूगलच्या 'जेमिनी'ची पैशांची योजना दीड वर्ष. इतक्या मोठ्या कंपन्यांनाही इथल्या माणसाकडे पहिल्याच दिवशी ३९९ मागण्यापेक्षा त्याला आधी सवय लागलेली परवडते. भेळवाला आधी एक पुरी हातावर ठेवतो ना, तसंच.

काकांनीही ते वर्षभर फुकटचं 'चॅटजीपीटी गो' घेतलंय. रोज सकाळी ते त्याच्याकडून सुविचार लिहून घेतात, खाली स्वतःचं नाव टाकतात आणि सोसायटीच्या ग्रुपवर पाठवतात. परवा मी त्यांच्या फोनमधली ऑटोपेची यादी उघडली, वर्ष संपायची तारीख दाखवली आणि म्हटलं, "काका, यानंतर महिन्याला ३९९ कापले जातील. आत्ताच बंद करून ठेवू?"

काकांनी चष्मा वर केला, तारीख बघितली, ग्रुपवर त्या दिवशीच्या सुविचाराला आलेले अंगठे मोजले.

"राहू दे," ते म्हणाले, "तेव्हाचं तेव्हा बघू."